पत्र्याचा चेंबर

९ फेब्रुवारी

दादा,

पाकीट उघडलंस हेच पुष्कळ झालं. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. पत्राचं एक बरं असतं, आपटलं तरी मजकूर आतच राहतो.

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही आणि कुणी जायच्या बेतातही नाही. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे झाले. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय, आणि अण्णांच्या मते हल्लीचे बल्बच कमी उजेड देतात. आईचे गुडघे बोलतात, आई बोलत नाही. मी सत्तेचाळीसची. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला अठरा वर्षं झाली, तरी विचारणाऱ्याला अण्णा अजून "चार दिवस आलीय" म्हणून सांगतात. वर्कशॉप मीच चालवते. पाटीवर अजून 'अँड सन' आहे. तो सन कोणता, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि मी सांगत नाही.

मुद्द्यावर येते. आपला ट्रॅक्टर गेला. म्हणजे उभा आहे शेडमध्ये, पण इंजिनाच्या ब्लॉकला बोटभर चीर पडली आहे. दोनदा वेल्ड केली, दोनदा उघडली. ते तीन सिलिंडरचं इंजिन तुझ्या जन्मसालातलं. तुम्ही दोघं एकाच वर्षी घरात आलात आणि अण्णांनी त्यातल्या एकाचंच तेलपाणी वेळेवर केलं.

कुणीही शहाण्या माणसाने तो मोडीत काढला असता. पण शेजारच्या हत्तीने (आठवतोय? लहानपणी चिडवायला ठेवलेलं नाव, आता अंगाने त्याला पुरून उरलाय) नवा मोठा ट्रॅक्टर घेतला आणि एक दिवस कुंपणावरून म्हणाला, अण्णा, तुमचं वरचं चढावाचं रान मीच नांगरून टाकतो, तुम्ही कशाला त्रास घेता. चांगल्या मनाने म्हणाला बिचारा. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून चार सिलिंडरचं एक डिझेल इंजिन घेऊन आले. हे जुन्या ट्रॅक्टरमध्ये बसवायचं आणि वरचं रान स्वतः नांगरायचं.

इंजिन कशाचं आहे ते देवाला माहीत. कंपनीची पट्टी कुणीतरी उपटलेली आहे, दोन रिवेट तेवढे उरलेत. भंगारवाल्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण तो अवयव काढून विकतो. त्याच्या म्हणण्यानुसार सोमवारी ते ट्रकचं होतं, बुधवारी बोटीचं. आणखी आठवडाभर थांबलो तर विमानाचं होईल.

अण्णा मला म्हणाले, तू ओळख. मी लेथ चालवते, पंप खोलते, गिअरबॉक्स उतरवते, पण बिननावाचं इंजिन ओळखणं हे तुझं काम होतं. तू नुसता ब्लॉकवर हात ठेवून सांगायचास. म्हणून विचारते. हे कुठल्या घराण्यातलं, केवढ्या ताकदीचं, आणि आपल्या क्लच हाउसिंगला बसेल का, एवढंच कळव. तू सांगितलंस हे अण्णांना कळणार नाही. तुझा विषय निघाला की ते उठून हात धुवायला जातात.

जाता जाता एक. त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालास की पंपाचा टायमिंग चुकलाय आणि अण्णा तुला म्हणाले चालता हो. तू चौदा वर्षं चालतोच आहेस. टायमिंग चुकलाच होता. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेऊन तो नीट केला. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

ठमी

२ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, आकडे घालून सात प्रश्न आणि खाली सही. आईने पाकिटावरचं अक्षर ओळखलं. पदराने पाकीट पुसून माझ्या हातात दिलं. आपल्या घरात माया अशीच वाहते, ग्रीस लावल्याशिवाय.

उत्तरं देते. नंबर फ्युएल पंपाच्या खाली सापडला. रॉकेल आणि खरवडणी घेऊन सकाळभर बसले तेव्हा रंगाचे तीन थर निघाले, वर हिरवा, मग राखाडी, तळाला पिवळा. नंबर उतरवून घेताना आकडा चुकायला नको म्हणून वर कागद धरून पेन्सिल घासली आहे, तो छाप सोबत जोडते. हेड काढलं. बोअर साडेअठ्ठ्याण्णव मिलिमीटर, चारही सिलिंडरचा घेतला, दुसऱ्यात थोडी झीज आहे. स्ट्रोक एकशे सत्तावीस, म्हणजे आपल्या जुन्याइतकाच. हा योगायोग नसावा असं मला वाटलं. वाटलं म्हणून लिहिलं, हसू नकोस.

गव्हर्नरच्या स्क्रूला तार आणि शिशाचं सील आहे, म्हणजे कुणीतरी वेग बांधून ठेवला होता. क्लच हाउसिंगची भोकं जुन्या इंजिनाचा गॅस्केट धरून ताडून बघितली, दोन सोडून सगळी जुळतात. आणि सातवा प्रश्न, इंजिनाच्या पोटाखालचा तेलाचा चेंबर ओतीव बिडाचा की पत्र्याचा. पत्र्याचा आहे. खाली चिखल इतका होता की आधी कळेना, मग टिचकी मारली. रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा वाजला.

तू कुठे राहतोस, एकटा का दुकटा, खोलीला खिडकी आहे का, हे मी विचारलेलं नाही याची नोंद घे. मलाही सात प्रश्न घालता येतात.

ठमी

२१ मार्च

दादा,

दोन्ही पानं मिळाली.

पहिलं पान वाचून मी स्टुलावर बसलेच. नुसता पेन्सिलीचा छाप आणि चार मापं, त्यावरून तू त्याची कुंडली मांडलीस. जनरेटरचं इंजिन, आपल्याच इंजिनाच्या घराण्यातलं, एका सिलिंडरने थोरलं. वेग बांधलेला का, तर दिवे लावायला कायम एकाच गतीने फिरायचं. गव्हर्नरची स्प्रिंग बदलली की मोकळं होईल. मध्ये सोळा मिलिमीटरची प्लेट घालून ती दोन भोकं सरकवायची. ताकद जुन्याच्या दीडपट.

तुझं अक्षर अण्णा ओळखतात. फळ्यांवर नटबोल्टच्या डब्यांना तू लावलेल्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत, त्यांनी काढू दिल्या नाहीत. म्हणून पहिलं पान मी माझ्या अक्षरात उतरवून काढलं आणि चहाच्या वेळी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चहा संपवला. मग कपात बघत म्हणाले, "याला म्हणतात डोकं. हे त्याला जमलं नसतं."

त्याला म्हणजे तुला. तुला गंमत वाटेल म्हणून लिहितेय. राग येणार असेल तर लिहिलंच नाही असं समज. मी पंचेचाळीस वर्षं त्यांच्या मागेपुढे करतेय (पहिली दोन रांगण्यात गेली, ती सोडून देऊ), त्यांच्या तोंडून माझ्यासाठी असलं वाक्य पहिल्यांदा निघालं. निघालं तेही तुझ्या नावचं, माझ्या पत्त्यावर आलेलं. पण आलं.

दुसऱ्या पानाचं लक्षात आहे. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चॅसी नसते, पुढचा अ‍ॅक्सल ते मागचा गिअरबॉक्स यांच्या मध्ये इंजिन हाच पाठीचा कणा. जुन्याचा चेंबर बिडाचा होता, तो भार घ्यायचा. जनरेटरचा पत्र्याचा, तो फक्त तेल धरतो. म्हणून दोन्ही बाजूंनी अ‍ॅक्सलपासून मागेपर्यंत सलग लोखंडी चॅनल टाकल्याशिवाय शेतात न्यायचा नाही. 'न्यायचा नाही' खाली तू दोनदा रेघ ओढली आहेस, दुसऱ्या वेळेला कागद फाटलाय. मी काही कुक्कुलं बाळ नाही. बघते.

ठमी

१४ एप्रिल

दादा,

बसलं एकदाचं.

शेडच्या तुळईला चेनकुप्पी टांगून जुनं इंजिन उचललं तेव्हा अण्णा टोपी काढून उभे राहिले. तुझ्या त्या जुळ्या भावाची अंत्ययात्रा बघत असल्यासारखे. नवं आत शिरेना, कारण ते एका सिलिंडरने लांब. रेडिएटर पुढे सरकवला, बॉनेट कापलं, मधल्या फटीला पत्रा लावला. आता ट्रॅक्टर दुसऱ्याची पँट घातलेल्या माणसासारखा दिसतो. सोळाची प्लेट मी लेथवर स्वतः केली, तुझ्या मापाने. केसभरही फरक निघाला नाही.

सुरू केलं तेव्हा शेडभर काळा धूर, आई खोकत बाहेर, आणि धुराच्या आत अण्णांचं हसणं. मी त्यांना असं हसताना पूर्वी ऐकलं असेन तर आठवत नाही. खालचं रान त्यांनी दीड दिवसात नांगरलं. हत्ती कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, अण्णा, हे तर माझ्यापेक्षा जोरात ओढतंय. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता येणारेजाणारे मला इंजिनीणबाई म्हणतात. दोघं जण आपापली इंजिनं ओळखून घ्यायला आले होते. मी म्हटलं, सध्या वेळ नाही.

तू चॅनलबद्दल विचारलं आहेस आणि फोटो मागितला आहेस. बाजूने लोखंड टाकलं आहे. कॅमेरा बिघडलाय.

वरचं रान पेरणीआधी करायचं म्हणतात. चढ आहे, माती उन्हाने दगड झाली आहे, पण अण्णांना आता कोण सांगणार. अंगात दहा वर्षांमागचे अण्णा आलेत.

ठमी

४ मे

दादा,

परवा सकाळी वरच्या रानात अपघात झाला. अण्णा दवाखान्यात आहेत. कमरेखाली हाडं मोडली आहेत, पोटातही लागलंय. शुद्धीवर आहेत, बोलतात. डॉक्टर (खरे, भंगारवाले नाहीत) दोन दिवस बघू म्हणाले.

बांधापाशी वळताना झालं. हत्ती पलीकडे होता, त्याने आपला ट्रॅक्टर आणून मागचा भाग ओढून काढला, तेव्हा अण्णा मोकळे झाले. त्याच्या ट्रॅक्टरनेच. हे अण्णांना सांगितलेलं नाही.

येण्याची घाई करू नकोस. आत एकालाच सोडतात, तिथे आई बसते. शिवाय तुला अचानक समोर बघून त्यांना त्रास झाला तर? थोडे सावरले की मीच कळवते.

ठमी

१३ मे

दादा,

अण्णा आज सकाळी सव्वासात वाजता गेले. आई जवळ होती. मी औषध आणायला खाली गेले होते.

हे पत्र तुला मिळेल तोवर सगळं उरकलेलं असेल.

ठमी

२० जून

दादा,

तुझं पत्र चार दिवस फ्युएल पंपाच्या खोक्यात ठेवलं होतं. आज काढून पुन्हा वाचलं. आठ पानं. सात प्रश्न घालणाऱ्या माणसाची आठ पानं.

त्यातली तीन पानं नुसत्या गणिताची आहेत. चॅनलची जाडी, बोल्टचा व्यास, पुढचं चाक बांधावरून खाली आपटलं तर सांध्यावर किती भार येईल. तू आठ मिलिमीटरचं चॅनल लिहिलं होतंस, आता दहाचं लिहायला हवं होतं असं काढलंस, मग ते खोडलंस, मग पुन्हा लिहिलंस. शेवटी लिहितोस की मी टेबलाशी बसून शहाणपण पाठवलं, यायला हवं होतं, अण्णा माझ्या आकड्यांनी गेले.

दादा, गणित थांबव. चॅनल टाकलंच नव्हतं.

आठचं नाही, दहाचं नाही, कुठलंच नाही. दोन्ही बाजूंना दोन सपाट पट्ट्या ठोकल्या होत्या, फाटकाला लावतात तसल्या. एप्रिलमध्ये मी 'बाजूने लोखंड टाकलं आहे' लिहिलं ते या पट्ट्यांबद्दल. वाक्य खरं आहे, मी ते लिहिताना दोनदा तपासलं होतं. कॅमेरा बिघडलेला नव्हता.

आणि अण्णांना दुसऱ्या पानाचा पत्ताच नव्हता. मी पहिलंच पान उतरवून काढलं, पहिलंच वाचलं. दुसरं उचलायला हात घातला होता. खरंच घातला होता. तेवढ्यात ते 'याला म्हणतात डोकं' म्हणाले. मग मी ते पान घडी करून आतल्या खिशात ठेवलं. ती घडी घालताना विचार असा मुळीच केला नाही. पुढच्या दीड महिन्यात मात्र विचार भरपूर केला. त्याला मी तेव्हा कारणं म्हणत होते. चॅनल टाकायचं तर पुढचा सगळा भाग पुन्हा उतरवायचा, पेरणी निघून जाणार. अण्णा विचारणार, हे तुला आधी का नाही सुचलं. मी काय सांगणार, कुणाला सुचलं ते? इंजिन ओळखणारी आणि इंजिनाचा भार कुठे जातो ते न कळणारी, अशी बाई असू शकत नाही. एका पानाचं डोकं माझं आणि दुसऱ्याचं तुझं, असं म्हणता येईना. म्हणून दुसरं पान नसलेलंच बरं, असं ठरलं. कोणी ठरवलं विचारशील तर मीच.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते निष्काळजीपणात बसवलं असतं. लोक बसवतातच. पण अण्णा मेकॅनिक होते, दादा. डोळे गेले होते, बोटं नव्हती गेली. इंजिन चेनकुप्पीला लटकत होतं तेव्हा ते खाली वाकले, चेंबरवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, आणि थांबले. म्हणाले, "पत्र्याचा वाटतोय गं."

मी म्हटलं, "या मॉडेलला असाच येतो. मी बघून घेतलंय."

ते म्हणाले, "मग झालं."

तुझ्याशी ते पंपाच्या टायमिंगवरून तासभर भांडले होते. माझ्याशी एक वाक्यही वाढवलं नाही. विश्वास टाकला म्हणजे कसा टाकतात ते मी पहिल्यांदा बघितलं. मला तो इतका आवडला की त्याच्याखाली काय लटकतंय ते बघायचं राहिलं. राहिलं नाही, बघितलं नाही. तू मला असल्या वाक्यांत पकडशील म्हणून आधीच दुरुस्त करते.

त्या दिवशी काय झालं ते हत्तीने सांगितलं. नांगर कोरड्या मातीत अडकला, अण्णांनी पूर्ण रेस दिली, पुढची चाकं बांधावर चढून वर उचलली गेली आणि मग खाली आपटली. ट्रॅक्टर मधोमध तुटला. चेंबर कागदासारखा उभा फाटला, पट्ट्या वाकून बाहेर आल्या, क्लच हाउसिंगचे बोल्ट ब्लॉकच्या तुकड्यांसकट निघाले. इंजिन आणि पुढची चाकं एका बाजूला पडली. मागचा अर्धा भाग तोंडावर आपटून उलटला आणि अण्णा त्याच्याखाली. माझी सोळाची प्लेट जागच्या जागी शाबूत होती, केसभरही हललेली नव्हती. एक तुकडा तरी मी मन लावून केला होता.

चौथीला मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं, त्याचं अण्णांना त्रास होईल हे खरं कारण नव्हतं. तू आला असतास तर सरळ शेतात गेला असतास. पट्ट्या बघितल्या असत्यास. पाहायला काही उरू नये म्हणून सहा तारखेला मी भंगारवाल्या डॉक्टरला बोलावून दोन्ही भाग त्याच्या गाडीत चढवले. अण्णा तेव्हा जिवंत होते. तेराला मी तुझ्या कारखान्यात फोन करू शकले असते, नंबर पाकिटावर छापलेला आहे. पत्राला पाच दिवस लागतात हे मला माहीत होतं. तुझ्या वाटणीचे अण्णा मी असे दोनदा अडवले, एकदा जिवंत आणि एकदा नंतर.

आता दवाखान्यातलं. हे आईलाही सांगायला जमत नव्हतं.

अकरा दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होते. इंजिन उत्तम होतं, पोरीनं ओळखलेलं, चूक माझी, मी वळण जोरात घेतलं. परिचारिकेला सांगितलं, झाडूवाल्याला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तर रोज सांगितलं. तो बहिरा होता, त्यामुळे सगळ्या वॉर्डाला पाठ झालं. नवव्या दिवशी आई घरी कपडे आणायला गेली आणि मी एकटी होते. त्यांनी हाताने खूण करून मला जवळ बोलावलं.

"त्या पत्र्याच्या चेंबरनं दगा दिला का गं?"

त्यांना शंका होती, दादा. त्यांच्या बोटाच्या पेरात ती दीड महिना अडकून बसली होती. आणि ती काढून टाकायला त्यांनी मलाच विचारलं, कारण घरात इंजिनातलं कळणारी मीच.

मी म्हटलं, "नाही अण्णा. चेंबर शाबूत आहे."

"बघितलास?"

"हात लावून बघितला."

"म्हणजे माझंच चुकलं," ते म्हणाले. आणि खरं सांगते, त्यांना बरं वाटलं. उशीवर डोकं टेकलं, कपाळाच्या आठ्या गेल्या. आपली चूक कबूल केलेले अण्णा तू बघितले नाहीस, मीही त्याआधी बघितले नव्हते. चौदा वर्षांपूर्वीच्या एका टायमिंगसाठी जे त्यांना जमलं नाही ते माझ्या चेंबरसाठी जमलं. त्यांची नव्हती ती चूक त्यांनी घेतली आणि दोन दिवसांनी ती घेऊन गेले.

मी हे आपणहून लिहितेय असं समजू नकोस, तेवढी सूट नको. परवा आईने माझा कामाचा डगला धुवायला घेतला. खिसे उलटे करताना पान निघालं. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, तिने चष्मा आणला, ओसरीच्या पायरीवर बसून पूर्ण वाचलं. तुझ्या त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मला वाटलं रडेल, आरडाओरडा करेल, मला घराबाहेर काढेल. या घरात त्याचा पायंडा आहे. तिने पान चापून सपाट केलं आणि विचारलं, "त्याला तू कळवतेस की मी कळवू?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दोन वेळा जेवायला वाढते. पूर्वी तिच्या न बोलण्यात गुडघे असायचे. आता मी असते.

तेव्हा नीट वाच. तू जे लिहिलंस ते बरोबर होतं. आठचं चॅनल पुरलं असतं. तुझी तीन पानं मी वहीत उतरवून पुन्हा मांडली, दोनदा, पुरलंच असतं. अण्णा तुझ्या आकड्यांनी गेले नाहीत, तुझे आकडे त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत म्हणून गेले, आणि मध्ये मी होते. यातला कणभरही दोष तू आपल्याकडे घेऊ नकोस. चांगुलपणाने घेशील, तुझा स्वभाव तसा आहे, पण अण्णांनीही चांगुलपणानेच घेतला होता. एका घरात दोघांनी माझं ओझं उचलणं फार झालं.

क्षमेबद्दल लिहू नकोस. पत्रात नकोच. यायचं असलं तर आईसाठी ये, ती रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला पायरीवर येऊन बसते. मी त्या वेळी वर्कशॉपमध्ये असते, समोर यायची गरज पडणार नाही.

तिथे कामं येतात. थांबतील असं वाटलं होतं, उलट वाढली. काल एक जण लांबून ट्रॉलीत घालून इंजिन घेऊन आला, पट्टी उपटलेलं, चिखलाने माखलेलं. जुन्या ट्रॅक्टरात बसवायचंय म्हणाला, आधी तुम्ही ओळखून द्या. मी हात पुसले आणि त्याला सरळ सांगितलं की मला इंजिन ओळखता येत नाही, कधीच येत नव्हतं, ते काम माझ्या भावाचं.

तो हसला. म्हणाला, "अण्णा दवाखान्यात सांगत होते तसंच. म्हणाले, पोरगी स्वतःकडे कधी श्रेय घ्यायची नाही."

आणि इंजिन दारात उतरवून गेला.

ठमी